केस कुणाचे, चित्र कुणाचं?

पत्राचा गोषवारा: पत्रलेखिका नाशिकची, वय २९. छापचित्रं करते, त्यातही एचिंग, म्हणजे धातूच्या पत्र्यावर ॲसिडने खाचा पाडून त्यावरून छापणं. वडिलांचं पंचवटीत सलून आहे. आजोबा रामकुंडावर बसायचे. पणजोबा वाड्यावाड्यांवर जाऊन हजामती करायचे आणि विधवांचं केशवपनही त्यांच्याच वाट्याला यायचं. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय कलाकार स्त्रियांचं केसांवरचं काम पाहिल्यापासून तिनेही हाच विषय धरला आहे. दुकानात झाडलेले केस, दशक्रियेच्या वेळी रामकुंडावर उतरवलेले केस आणि आत्याची कापलेली जट, यांचे ठसे घेऊन तिने चित्रांची मालिका केली. मुंबईच्या एका गॅलरीने २०२७ च्या सिंहस्थाच्या सुमारास एकल प्रदर्शन देऊ केलं आहे. भिंतीवरच्या परिचयात ‘नाभिक समाजातील पहिली महिला छापचित्रकार’ असं लिहायचा गॅलरीचा आग्रह आहे. चित्रं पाहून वडील म्हणाले, “गिऱ्हाइकाचे केस भिंतीवर लावतेस? उद्या खुर्चीत कोण बसेल?” तेव्हापासून घरात अबोला आहे. ती विचारते: “वडिलांना आपल्या धंद्याची लाज वाटते, मला वाटत नाही. मी धाडस करू की त्यांचा मान राखू?” ता. क.: आत्याला अजून सांगितलेलं नाही, जट तिने माळ्यावर ठेवली होती, त्यातली थोडी घेतली. आणि गॅलरी निम्मं कमिशन मागते, ते रास्त आहे का?

---

तू पत्रात मला ताई म्हटलंयस, तेव्हा मीही अहोजाहो करत नाही.

वडिलांचं ते एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. तुला त्यात लाज दिसली. मला काही ती सापडली नाही. हे धंद्यातल्या माणसाचं बोलणं आहे. खुर्चीत बसलेला माणूस डोळे मिटून मान मागे टाकतो, गळ्यावर वस्तरा फिरत असतो आणि तोंडाने तो घरातल्या भानगडी सांगत असतो. कोण कलप लावतं, कुणाला चाई पडलीय, कुणाचे केस औषधांनी गळताहेत, हे तुझ्या वडिलांना त्या माणसाच्या बायकोच्या आधी कळतं. आणि ते दुकानाबाहेर जात नाही, म्हणून तर दुकान चालतं. चित्रातले केस कुणाचे ते कुणालाच ओळखू येणार नाही, हे मान्य. पण प्रदर्शनाची बातमी व्हॉट्सॲपवर फिरली की दुकान कुठलं हे पंचवटीत सगळ्यांना कळेल, आणि पुढची चेष्टा तुझ्या नव्हे, त्यांच्या तोंडावर होईल.

त्यांच्या दुकानात सेना महाराजांचा फोटो असेलच. ज्या संताने आरसा, चिमटा ही धोकटीतली हत्यारं थेट अभंगात आणली, त्याच्यापुढे रोज उदबत्ती लावणाऱ्या माणसाला आपल्या कामाची लाज वाटते, असं इतक्या सहज धरून चालू नकोस. कदाचित थोडी वाटतही असेल. न्हावी म्हणून ऐकून घेतलेल्या गोष्टी त्यांनी तुला सांगितल्या नसतील. पण लाज असली तरी ती त्यांनी सांगायची गोष्ट आहे, तू त्यांच्या वतीने ओळखायची नाही.

यातून एक मार्ग मला सरळ दिसतो. झाडलेले केस गुपचूप पिशवीत भरण्याऐवजी दुकानात विचारूनच घे. म्हणजे तू नाही, वडील विचारतील. “पोरगी चित्रं काढते, तिला केस हवेत, देऊ का?” एवढं त्यांनी खुर्चीतल्या माणसाला म्हटलं की काम झालं. काहीजण नाक मुरडतील. काहीजण हौसेने देतील, वर प्रदर्शनाला कधी बोलावता असंही विचारतील. नाशिकच्या माणसाला आपलं काही कुठे लागणार म्हटलं की आवडतंच. आधी केलेली चित्रं मात्र कुणाकुणाच्या केसांची हे आता शोधता येणार नाही. ती विक्रीत ठेवायची की नाही, हे तू वडिलांवर सोड. त्या केसांचे धनी त्यांच्या भरवशावर खुर्चीत बसले होते.

आता ता. क. कडे येते, कारण तुझ्या पत्रातला खरा पेच तिथे आहे आणि तो तू कमिशनच्या प्रश्नाशेजारी एका ओळीत उरकलायस.

जट कशी होते हे तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल. केस विंचरले-धुतले गेले नाहीत की गुंता होतो, त्यात मळ आणि तेल बसतं आणि एकदा तो घट्ट झाला की कंगव्याला दाद देत नाही. त्या वेळी घरातल्या कुणी कात्री आणली असती तर प्रकरण तिथेच संपलं असतं. पण ‘देवी आली’ असं कुणीतरी म्हणतं आणि मग हात लावायचीच भीती. मानेवर ओझं, खाज, उवा, एका कुशीवर झोपणं, लग्नाचं नाव नाही. ज्या डोक्याला पाहून घरच्यांनी तुझ्या आत्याचं आयुष्य थांबवलं, तसंच डोकं साधूचं असेल तर लोक सिंहस्थात त्याच्या पाया पडतात. यावर चित्र व्हायलाच हवं, यात वाद नाही.

पण कुणी करायचं आणि कुणाला विचारून? जट काढण्याचं काम करणारे कार्यकर्ते सांगतात की कात्री चालवायला फारसा वेळ लागत नाही, त्याआधीची समजूत महिनोन्‌महिने चालते. आणि कापल्यावरही घरात कुणी आजारी पडलं की बाईच्या पोटात गोळा येतो. जट गेली म्हणजे भीतीही गेली, असं होत नाही. तुझ्या आत्याने ती कापडात बांधून माळ्यावर ठेवली. का ठेवली? भीतीने? आपण काय सोसलं याचा पुरावा म्हणून? की निव्वळ काय करायचं ते सुचलं नाही म्हणून? पंचवटीत राहणाऱ्या बाईला गोदावरी चार पावलांवर असताना तिने ती पाण्यात सोडली नाही, याला काहीतरी कारण असणार. तुला ते माहीत नाही. माहीत नसताना तू त्या कापडाची गाठ सोडलीस.

आणि तुझं माध्यम इथे गोष्ट अवघड करतं. माझी एक मैत्रीण एचिंग करते. तिच्याकडे बसून सॉफ्टग्राउंडवर केसाचा ठसा कसा येतो ते मी पाहिलं आहे. तुला हे नवं नाही, पण वाचणाऱ्यांसाठी सांगते. जस्ताच्या पत्र्यावर चरबी मिसळलेला मऊ थर चढवतात. त्यावर शांपूने धुऊन वाळवलेला केस ठेवायचा, कारण तेलकट केस तो थरच बिघडवतो. वर पातळ कागद, आणि पत्रा प्रेसमधून काढायचा. मग चिमट्याने केस उचलला की थर त्याच्याबरोबर निघून येतो, तेवढाच पत्रा उघडा पडतो आणि ॲसिड तेवढाच भाग खातं. छापून आलेली रेघ मी भिंगाखाली पाहिली. ती सरळ नव्हतीच. मध्येच जाड, मध्येच तुटलेली, आणि जिथे केस स्वतःवरूनच वळून गेला होता तिथे एक बारीक काळा ठिपका. अशी रेघ हाताने काढता येत नाही. ती त्या केसाची असते, म्हणजे ज्याच्या डोक्यावर तो उगवला त्या माणसाची.

एकदा पत्रा झाला की प्रती निघत राहतात. दहाची एडिशन, म्हणजे ठरवून काढलेल्या दहा प्रती, म्हणजे दहा घरांच्या भिंती, वर कलाकाराने स्वतःसाठी ठेवलेल्या एक-दोन प्रती (आर्टिस्ट प्रूफ), कॅटलॉगमधला फोटो, आणि प्रदर्शनाला आलेल्या प्रत्येकाच्या मोबाइलमधले फोटो वेगळेच. “आत्या, मी तुझ्या जटेचं चित्र केलंय” एवढं सांगून भागणार नाही. एक चित्र म्हणजे तिला एकच वाटेल. किती प्रती, कुठे जाणार, कोण विकत घेणार, शेजारी तिचं नाव असेल की नसेल, हे सगळं तिला समजेल अशा भाषेत सांगावं लागेल.

तेव्हा वडिलांच्या आधी तिच्याकडे जा. एकटी जा, आईला मध्यस्थ म्हणून नेऊ नकोस. चित्र ने, पत्राही ने आणि घेतलेली जटही. न विचारता घेतली हे आधी सांग, त्यामागची कलेची कारणं सांगत बसू नकोस. मग गप्प बस. तिने नको म्हटलं तर ती चित्रं प्रदर्शनातून काढ. पत्र्यावर आडव्या-उभ्या रेघा ओढून तो रद्द करायची रीत छापचित्रवाल्यांमध्ये आहेच. हवं तर तिच्यासमोर कर, खिळा तिच्याच हातात दे. मेहनत वाया जाईल. जाऊ दे. ती हो म्हणाली तर पहिली प्रत तिची, आणि विक्रीतला तिचा वाटा किती हे आधी ठरव. आणि ती “तुला काय करायचं ते कर” म्हणाली तर तो होकार समजू नकोस. आपल्या घरांमध्ये त्या वाक्याचा अर्थ बहुतेक वेळा नकारच असतो. आठवडाभराने पुन्हा विचार.

रामकुंडावरच्या केसांबद्दल मात्र मला फार विचार करावा लागला नाही. ते वापरू नकोस. दहाव्याला मुंडण करून उठलेल्या माणसाला कुणी विचारू शकत नाही आणि त्याला विचारूही नये. तो घाट तुला चित्रात हवा असेल तर ओल्या दगडी पायऱ्या आहेत, आजोबांची बसायची जागा आहे, त्यांची धोकटी आहे. एवढ्यातून बरंच होईल.

आता ज्यांच्या कामामुळे तुला हिंमत आली त्या कलाकारांबद्दल. लोर्ना सिम्पसनने १९९४ मध्ये फेल्टवर लिथोग्राफ छापून विगांची मालिका केली. एलेन गॅलाघरने २००४-०५ मध्ये कृष्णवर्णीयांच्या जुन्या मासिकांमधल्या विगांच्या नि गोरं होण्याच्या जाहिराती घेऊन साठ छापांचा संच केला, त्यावर प्लॅस्टिसिनचे, म्हणजे खेळण्यातल्या मऊ मातीसारख्या लगद्याचे, केसांचे टोप चढवले. दोघींचं काम जबरदस्त आहे. पण नीट बघ, दोघींनीही कुणाच्या डोक्यावरचा केस घेतलेला नाही. एकीने विग घेतले, दुसरीने छापील जाहिराती. शिवाय तिथला झगडा वेगळा आहे. जन्मतः कुरळे केस ‘नीट’ नाहीत म्हणून नोकरी-शाळेत अडवलं जायचं, इतकं की कॅलिफोर्नियाला २०१९ मध्ये त्याविरुद्ध कायदा करावा लागला. तिथे प्रश्न केस कसे आहेत हा. आपल्याकडे प्रश्न राहिला तो केस कोणी कापायचे, कुणाचे कापायचे आणि कापणाऱ्याला कुठे बसवायचं हा. तू त्यांची हिंमत जरूर घे. चौकट उसनी घेतलीस तर तुझ्या घरातली सगळ्यात मोठी गोष्ट तिच्यात मावणार नाही.

ती गोष्ट पणजोबांची. त्यांनी केशवपन केलं हे तू पत्रात असं लिहिलंयस, जणू घरावरचा डाग कबूल करतेयस. थांब जरा. वाड्यातल्या माणसांनी ठरवलं, भटजींनी शास्त्र काढून दिलं, आणि मागच्या दाराने न्हाव्याला बोलावलं. वस्तरा तेवढा तुझ्या पणजोबांच्या हातात होता. नाही म्हणाले असते तर उद्याचं बलुतं बंद. तरीही नाही म्हणणारे निघाले. १८९० मध्ये मुंबईत कामगार नेते नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकाराने नाभिकांनी सभा घेतली आणि विधवांचे केस कापणार नाही असं ठरवलं. ज्या घरांमध्ये या बायका होत्या त्या घरांनी असा संप केल्याचं माझ्या ऐकिवात नाही. आमचं घर त्यातलंच आहे, म्हणून हे ठामपणे लिहिते. तुझ्या मालिकेत वस्तरा येत असेल तर सभाही येऊ दे. आणि नुसत्या वस्तऱ्याचं चित्र करून सगळा दोष तुझ्या घराच्या भिंतीला लावून घेऊ नकोस, बाकीच्यांना फार सोयीचं होईल ते.

आता गॅलरीचा परिचय. ‘पहिली’ हा शब्द आधी काढायला सांग. कुणी मोजलंय? उद्या एखादी सोलापूरची नाहीतर अकोल्याची बाई तीस वर्षं छापचित्रांसाठी लिनो कापत असलेली निघाली तर तोंडघशी तू पडशील, गॅलरी नाही. उरला समाजाचा उल्लेख. तो करण्यात गैर काही नाही. लपवण्यासारखं काहीच नाही, आणि आडनावावरून लोक काढतातच. मला खटकतं ते एवढंच की प्रेक्षक आधी ती ओळ वाचणार आणि मग त्या ओळीचा पुरावा म्हणून चित्रं बघणार. त्यापेक्षा जे सांगायचं ते माध्यमाच्या ओळीत सांग. चित्राखाली लिही: ‘सॉफ्टग्राउंड एचिंग, जस्ताचा पत्रा; केस वडिलांच्या सलूनमधले, गिऱ्हाइकांच्या संमतीने.’ ज्याला कळायचं त्याला सगळं कळतं. कलाकार शीला गौडा यांनी २००९ मध्ये व्हेनिसच्या द्वैवार्षिकीत देवाला वाहिलेल्या केसांचे हजारो मीटर दोर गाड्यांच्या बंपरांना बांधून टांगले होते. दक्षिणेत दृष्ट लागू नये म्हणून गाडीला केसांचा दोर बांधतात, त्यावरून आलेलं ते काम. बघणाऱ्याला दोर कशाचा आहे हे कळलं की त्याचं त्यालाच बाकीचं उलगडत जातं. मात्र ते केस देवाला वाहून टाकलेले होते, धनी मागे उरलेला नव्हता. तुझ्याकडे तसं नाही, एवढा फरक लक्षात ठेव.

सिंहस्थाचा मुहूर्त गॅलरीला हवाय, तुला नाही. गर्दीच्या काळात साधूंच्या जटा आणि आत्याची जट शेजारी आल्या की बातमी होईल, हे त्यांनी हेरलंय. आत्याने होकार दिला आणि तुझं काम तोवर झालं, तर कर. नाहीतर २०२८ काही पळून जात नाही. मुंबईच्या आधी कुसुमाग्रज स्मारकासारख्या ठिकाणी चार दिवस दाखवलंस तर माझ्या मते आणखी बरं. ज्यांचे केस आहेत ते लोक नाशिकचे आहेत, त्यांना तिकीट काढून काळ्या घोड्याला जायला लावू नकोस.

अबोल्याबद्दल एकच सुचवते. दुकान बंद असेल त्या दिवशी वडिलांना स्टुडिओत बोलाव, पण परवानगी मागण्यासाठी नव्हे. तुझी कोरण्याची हत्यारं बोथट झाली असतील, त्यांना धार लावून मागायची. आयुष्य धारेवर काढलेल्या माणसाला तुझं ब्युरिन, म्हणजे धातू कोरायची सळई, बघून राहवणार नाही. मग त्यांच्यासमोर एक प्रत काढ. त्यांना एचिंग म्हणजे काय हे समजावताना पाचशेची नोट हातात दे आणि गांधीजींच्या चित्रावरून बोट फिरवायला सांग. नाशिकरोडच्या प्रेसमध्ये १९२८ पासून नोटा छापल्या जाताहेत. ते उठावाचं काम याच तत्त्वावर चालतं: कोरलेल्या खाचेत शाई भरायची आणि दाबाने कागदावर उचलायची. आपली मुलगी कचऱ्यातले केस चिकटवत बसते असं त्यांना वाटत असेल, तर ते तिथे फिटेल. बाकीचं बोलणं त्या दिवशी काढू नकोस.

हे सदर वाचणाऱ्यांपैकी अनेकजण घरच्यांवर काहीतरी करत असतात. कुणी आईच्या आजारपणाचे फोटो काढतं, कुणी आजोबांची पत्रं टाइप करून फेसबुकवर टाकतं, कुणी काकांच्या दारूवर कथा लिहितं. त्यांनाही मी हेच म्हणेन: झालेलं काम दाखवून विचारा, कल्पना सांगून नाही, कारण कल्पनेला सगळे हो म्हणतात. एकेका गोष्टीसाठी वेगळं विचारा. पाहुण्यांसमोर विचारू नका. आणि छापायची तारीख ठरल्यावर विचारणार असाल तर ते विचारणं नव्हे, कळवणं झालं.

राहिलं कमिशन. निम्मं मागतात, हे गॅलऱ्यांमध्ये रूढ आहे, त्यात तुला कुणी फसवत नाहीये. पण त्या निम्म्यात फ्रेमिंग, वाहतूक आणि कॅटलॉग येतो का ते लेखी घे. प्रती किती, न विकलेल्या किती दिवसांत परत, पैसे किती दिवसांत, तेही लिहून घे. पत्रे कुठल्याही परिस्थितीत तुझ्याकडेच राहतील असं एक कलम टाकायला सांग. आणि करारावर सही आत्याला भेटून आल्यावर कर. तोवर त्यांना कळव की मालिकेतली काही चित्रं अजून नक्की नाहीत. कारण विचारलं तर सांगायचं बंधन तुझ्यावर नाही.

— ताई